दमलेले यंत्र

खंडेनवमीचा दिवस आला की ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) आणि आसपासच्या गावांतून हत्यारांची व यंत्रांची पूजा होते. शेतकरी नांगर-कुळव धुऊन ठेवतो, लोहार ऐरणीवर फूल वाहतो, शिंपी शिवणयंत्राला हळदकुंकू लावतो. त्या दिवशी यंत्राकडून काम घ्यावयाचे नाही, अशी जुनी चाल आहे. वर्षभर जे आपल्यासाठी राबले त्याला एक दिवस विसावा मिळावा, हा तिच्यामागील भाव. एरवीही उसाच्या मळ्यात पाणी उपसणारे इंजिन फार तापले म्हणजे ते दमले आहे, त्याला जरा थांबू द्यावे, असे शेतकरी म्हणतोच. पण लोखंडाचे यंत्र खरोखर दमते काय? त्याला विसाव्याची गरज भासते काय? भासण्यासाठी तर आत कोणी तरी जाणणारे असावे लागते! म्हणून ही केवळ बोलण्याची रीत, असे समजून आपण तो विचार सोडून देतो.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या एका प्राध्यापकांच्या ध्यानात अशीच गोष्ट आली. त्यांचे यंत्र दमले होते. त्यांनी मात्र तो विचार सोडून दिला नाही. यंत्र दमते म्हणजे नेमके काय होते, हे मोजून पाहण्याचे त्यांनी ठरविले आणि त्यापायी हाती आलेली जगभरची कीर्ती पणाला लावली. त्या प्राध्यापकांचे नाव जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. विक्रमपूर परगण्यातील राडीखाल हे त्यांचे मूळ गाव. हा सारा प्रदेश आज बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे इंग्रजी अमदानीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. इतक्या मोठ्या हुद्द्यावरील गृहस्थ आपल्या मुलांना तेव्हा इंग्रजी शाळेत घालीत. भगवानचंद्रांनी मात्र फरिदपूर येथे मातृभाषेतून शिकविणारी पाठशाळा काढली आणि आपला मुलगा तीतच बसविला. मुलाला आधी आपली भाषा आणि आपली माणसे कळावीत, असा त्यांचा आग्रह होता. वर्गात जगदीशच्या एका हाताला वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या हाताला एका कोळ्याचा. त्या मित्रांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी तो तासन्‌तास ऐके.

शाळेत पोचविणारा गडीही अजब होता. तो एके काळचा दरोडेखोर. भगवानचंद्रांनीच त्याला कारावासाची शिक्षा ठोठावली होती. सुटून आल्यावर त्याला कोण जवळ करणार? तेव्हा तो त्यांच्याच दारी येऊन उभा राहिला आणि त्यांनी त्याला कामावर ठेवून घेतले. काम दिले तेही आपल्या लहान मुलाला सांभाळण्याचे. त्याने सांगितलेल्या झटापटींच्या कथा जगदीशचंद्रांना म्हातारपणीही आठवत असत.

भगवानचंद्र मनाने थोर, पण व्यवहारात दुबळे. लोकांना उद्योगधंदे मिळावेत म्हणून त्यांनी अनेक उपक्रमांत पैसा घातला. तो बुडाला व डोक्यावर मोठे कर्ज झाले. तिकडे कलकत्त्याच्या सेंट झेवियर महाविद्यालयात फादर लाफों यांच्या हाताखाली जगदीशचंद्रांना पदार्थविज्ञानाची गोडी लागली होती. पुढील शिक्षणासाठी विलायतेस जावे, ही त्यांची इच्छा. परंतु घरची स्थिती पाहून ती बोलून दाखविण्याचाही त्यांना संकोच वाटे. अखेर आईनेच धीर दिला. मुलगा समुद्रापार जाणार म्हणून आरंभी जिचा जीव कासावीस झाला होता, तीच माता त्यासाठी आपले दागिने विकावयास सिद्ध झाली. सन १८८० मध्ये जगदीशचंद्र इंग्लंडला गेले. तेथे प्रथम त्यांनी वैद्यकाचा अभ्यास आरंभला. पण पूर्वी जडलेला ताप पुनःपुन्हा उलटू लागल्याने तो सोडावा लागला. मग केंब्रिज विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचे अध्ययन केले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले.

सन १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली. हिंदी प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार द्यावयाचा, असा तेव्हाचा नियम होता. बोस यांची जागा हंगामी म्हणून त्यातलाही निम्माच त्यांच्या वाट्यास आला. त्यांनी भांडण केले नाही, अर्ज-विनंत्यांचा सपाटाही लावला नाही. ते रोज वेळेवर वर्गात जात, मन लावून शिकवीत आणि महिनाअखेर पगार नाकारीत. घरी कर्ज असताना एक नव्हे, दोन नव्हे, तीन वर्षे त्यांनी हा नेम चालविला! शेवटी सरकारच नमले. पूर्ण पगार मागील थकबाकीसह हाती पडला आणि तो सर्व पैसा त्यांनी वडिलांच्या कर्जफेडीकडे लावला.

आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, म्हणजे ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, त्यांनी उर्वरित आयुष्य संशोधनास वाहण्याचा संकल्प सोडला. प्रयोगशाळा कोठे होती? महाविद्यालयातील स्नानगृहाला लागून असलेली एक चिंचोळी जागा, हीच त्यांची प्रयोगशाळा. उपकरणे विलायतेहून मागविण्यास पैसा नव्हता, म्हणून एका देशी कारागिराला हाताशी धरून त्यांनी ती स्वतःच घडविली. त्या उपकरणांतून त्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्‌लहरी निर्माण केल्या. एका लहरीची लांबी सुमारे पाच मिलिमीटर, इतक्या आखूड लहरी तेव्हा फारच थोड्यांना साधल्या होत्या. सन १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांसमक्ष त्यांनी या लहरी भिंतींतून पार केल्या आणि दूरच्या दालनातील घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. तारेवाचून संदेश! दोन वर्षांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले तेव्हा तेथील जाणते लोक थक्क झाले.

ही वाट सरळ होती. तिच्या टोकाशी मानमरातब होते, संपत्तीही होती. नेमक्या याच वेळी यंत्र दमले.

लहरी टिपणाऱ्या यंत्राला ग्राहक म्हणतात. बोस यांच्या ग्राहकात पोलादाच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून बसविलेल्या असत. लहर येऊन आदळली की त्यांतून जाणारा विद्युत्‌प्रवाह वाढे व जोडलेल्या मापकाचा काटा हले. सन १८९९ च्या सुमारास असे दिसून आले की, हा ग्राहक सतत वापरला तर त्याची उत्तरे हळूहळू क्षीण होतात. लहर तीच, तितक्याच जोराची. पण काटा पूर्वीइतका हलत नाही. आणि नवलाची गोष्ट ही की, ग्राहकाला काही तास तसेच राहू दिले तर तो पुन्हा ताजातवाना होतो. दुसरा एखादा संशोधक असता तर त्याने यंत्रात बिघाड झाला असे मानून स्प्रिंगा बदलल्या असत्या. बोस यांना मात्र आपल्या हाताचे स्नायू आठवले. पाण्याची घागर एकसारखी ओढीत राहिले तर हात भरून येतो व थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालू लागतो. हा तोच प्रकार नसेल ना?

मग त्यांनी कथिलाची एक तार घेतली. तिचा मध्यभाग घट्ट पकडून ठेवला आणि दोन्ही टोके नाजूक विद्युत्‌मापकाला जोडली. तारेचे एक टोक हलकेच पिळले की मापकावरील प्रकाशाचा कवडसा एका बाजूला सरके व काही क्षणांनी मूळ जागी परत येई. त्या कवडशाच्या मार्गाची रेघ कागदावर उमटविली म्हणजे एक लहानशी टेकडी दिसे. तारेला घाईघाईने पीळ दिले तर टेकड्या ठेंगण्या होत जात, ती दमे. विसावा दिला की त्या पुन्हा उंच होत. काही द्रावणे तारेला उत्तेजित करीत, काही गुंगी आणीत. ऑक्झॅलिक आम्लाची मात्रा दिली की रेघ सपाट होई, जणू तार विषाने मेली! जिवंत स्नायूला चिमटा घेतला असता शरीरशास्त्रज्ञ अशाच टेकड्या काढीत असत आणि त्या उमटतात तोवर स्नायू जिवंत, असे समजत. सर मायकेल फॉस्टर नावाचे एक वृद्ध शरीरशास्त्रज्ञ बोस यांच्याकडे आले असता त्यांना अशी एक रेघ दाखविण्यात आली. ही तर स्नायूची रेघ, हिच्यात नवे काय, असे त्यांनी विचारले. ती कथिलाची आहे हे ऐकून ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, असे सांगतात.

सन १९०० च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथील पदार्थविज्ञान परिषदेत बोस यांनी आपला विचार मांडला. त्या वेळी स्वामी विवेकानंद पॅरिसमध्ये होते व आपल्या देशबांधवाचा गौरव पाहून त्यांचे मन भरून आले. पुढे १० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांचे व्याख्यान ठरले. त्याच्या थोडेसे आधी बिनतारी संदेशाच्या धंद्यातील एक कोट्यधीश त्यांना भेटले. व्याख्यानात सगळे उघड करू नका, शोधाचे हक्क राखून ठेवा, नफ्यात अर्धा वाटा घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. बोस यांनी नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरात मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला बिनतारी संदेश टिपला आणि त्यांचे नाव जगभर झाले. बोस तेव्हा कथिलाच्या तारेपाशी बसले होते.

व्याख्यानाच्या दिवशी त्यांनी धातूच्या, वनस्पतीच्या आणि स्नायूच्या रेघा शेजारी शेजारी मांडल्या. त्यांतील कोणती कोणाची, हे सांगणे अवघड होते. जड कोठे संपते आणि जिवंत कोठे सुरू होते, त्यांच्यामध्ये आपण जी भिंत कल्पितो ती मुळी आहे तरी काय, हा त्यांचा प्रश्न होता. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. परंतु पुढच्याच महिन्यात, ६ जून १९०१ रोजी, रॉयल सोसायटीपुढे हाच विषय मांडला तेव्हा वारे फिरले. बर्डन-सँडरसन हे त्या काळचे ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञ उठले. बोस यांनी आपल्या पदार्थविज्ञानात रमावे, दुसऱ्याच्या क्षेत्रात पाऊल टाकू नये, आणि निबंधाच्या नावातील प्रतिसाद हा शब्द तरी बदलावा, कारण प्रतिसाद देणे हा केवळ सजीवांचा धर्म होय, असे त्यांनी सुचविले. एक शब्द बदलला असता तर निबंध छापला गेला असता. बोस यांनी तो बदलला नाही. निबंध दप्तरात पडून राहिला.

परक्या देशात, रजा संपत आलेली, आणि ज्यांच्या मताला वजन ते विरुद्ध गेलेले. अशा वेळी माणूस खचतो. बोस यांनी रजा वाढवून घेतली व रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत पुन्हा पहिल्यापासून प्रयोग केले. भगिनी निवेदिता त्यांच्या लिखाणाला साहाय्य करीत. कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर मायदेशातून पत्रांनी धीर देत. त्रिपुराच्या महाराजांकडून त्यांनी पैशाचीही तजवीज करविली. सन १९०२ मध्ये लिनियन सोसायटीने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याच वर्षी त्यांचा सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादांवरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. कथिलाच्या तारेला वेदना होतात, असे बोस यांनी सिद्ध केले काय? तसे ते नव्हे. त्यांनी सिद्ध केले ते इतकेच की, बाहेरून धक्का मिळाला असता तार ठरावीक रीतीने उत्तर देते आणि ते उत्तर स्नायूच्या उत्तरासारखे दिसते. उत्तर देणे वेगळे आणि जाणणे वेगळे. लाजाळूचे पान बोट लागताच मिटते, पण तिला लाज वाटते म्हणून मिटत नाही. ते नाव आपण ठेवले. धातूच्या पृष्ठभागावर जे सूक्ष्म बदल होतात त्यांतून त्याच्या थकव्याचा उलगडा करता येतो, त्यासाठी धातूत प्राण कल्पावा लागत नाही, असेच शास्त्रज्ञ मानतात. साऱ्या सृष्टीत एकच सूत्र ओवलेले आहे, ही बोस यांची श्रद्धा होती, आणि कधीकधी ती त्यांच्या प्रयोगांच्या दोन पावले पुढे धावे, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यांच्या विरोधकांचे चुकले ते निराळ्या ठिकाणी. प्रतिसाद हा केवळ सजीवांचा धर्म, हे त्यांनी न तपासताच गृहीत धरले होते. बोस यांनी ते तपासले, आणि त्यांच्याच कसोटीला एका निर्जीव तारेला उतरवून दाखविले. तेव्हा एक तर तार सजीव मानावी, नाही तर कसोटी अपुरी मानावी, असा पेच उभा राहिला.

हा पेच बोस यांच्यानंतरही सुटला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, सन १९५० मध्ये, अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्र विचार करू शकेल काय, असा प्रश्न विचारला. या ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते. यंत्राशी लेखी संभाषण करावे, आणि पलीकडे यंत्र आहे की माणूस हे ओळखता आले नाही तर ते विचार करते असे म्हणावयास हरकत नसावी, अशी कसोटी त्याने सुचविली. ही कसोटीही बाहेरच्या उत्तराचीच. फक्त टेकडीच्या रेघेऐवजी शब्द आले. आज विचारलेल्या प्रश्नाला माणसासारखे सविस्तर उत्तर देणारी यंत्रे घरोघरीच्या मोबाइलवर आली आहेत. त्यांपैकी एखाद्याने आपण दमलो आहोत असे लिहिले तर त्याच्या आत कोणी दमणारे आहे काय? त्याचे निर्विवाद उत्तर देणारे उपकरण अजून कोणी घडविलेले नाही. दुसऱ्या माणसाच्या मनातील जाणीवही आपण त्याच्या चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरूनच ओळखतो, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाची खोली कळते.

धातूकडून बोस वनस्पतींकडे वळले आणि पुढील आयुष्यातील बहुतेक काळ त्यांनी तेथेच वेचला. झाडाची वाढ इतकी मंद की डोळ्यांना दिसत नाही. ती दहा हजार पट मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र त्यांनी बनविले. ही नाजूक यंत्रे भारतीय कारागिरांनी घडविलेली आहेत, हे परदेशातील लोकांना खरे वाटत नसे. वनस्पतींतून विद्युत्‌संदेश वाहतात, हे त्यांचे म्हणणे आरंभी अनेकांनी उडवून लावले. आज ते सर्वमान्य आहे. ज्या रॉयल सोसायटीने निबंध अडकवून ठेवला होता तिनेच १९२० मध्ये त्यांना आपले सदस्य करून घेतले. त्याच वर्षी पॅट्रिक गेडीस यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र निघाले. हे गेडीस त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

स्नानगृहाशेजारच्या खोलीत काम केलेल्या या माणसाची एक इच्छा फार जुनी होती. पुढच्या पिढीला तशा अडचणीत काम करावे लागू नये, म्हणून आपल्या साठाव्या वर्षात पदार्पण करताना, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, त्यांनी कलकत्त्यात बसु विज्ञान मंदिराची स्थापना केली. त्यासाठी जन्मभराची कमाई दिली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही देणग्या पाठविल्या. संस्थेचे चिन्ह म्हणून त्यांनी दधीचि ऋषींच्या अस्थींपासून घडलेले वज्र निवडले. दाराशी हातात दीप घेतलेल्या एका स्त्रीची आकृती आहे; ती सन १९११ मध्ये निवर्तलेल्या भगिनी निवेदितांच्या स्मरणार्थ.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. वयाची एकोणऐंशी वर्षे पुरी होण्यास सातच दिवस उरले होते. त्यांची उपकरणे कलकत्त्याच्या त्या विज्ञान मंदिरात जपून ठेवलेली आहेत.